माथेरानला जाताना वजन मोजा

दस्तुरी नाक्याच्या पुढे माथेरानात गाडी जात नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. रुग्णवाहिका, अग्निशमनाचा बंब आणि अलीकडच्या ई-रिक्षा सोडल्या तर नियम आजही तोच आहे. सहलीला येणाऱ्यांना त्याची गंमत वाटते, चाकांची बॅग लाल मातीतून ओढताना थोडा वैतागही येतो. आपल्यासारखे पाठपिशवीवाले मात्र त्याचा विचारच करत नाहीत, कारण आपण दस्तुरीने वर जातच नाही. गार्बेटने चढतो, धोदाणीने उतरतो, मधे बाजारात मिसळ खातो आणि स्वतःला टूरिस्टांत मोजत नाही. पण ती मिसळ ज्या शेगडीवर झाली तिचा सिलिंडर, पाव ज्यातून आले ती क्रेट, काउंटरमागे रचलेले बाटलीबंद पाण्याचे खोके, हे सगळं कुणीतरी वर चढवलेलं असतं. घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा डोक्यावर. आणि आपण टाकलेलं रिकामं पाकीटही तसंच कुणीतरी उचलत असतं.

म्हणून माथेरानला जाताना मी एकच गोष्ट बघायला सांगतो: वजन. आपल्यामुळे किती वजन वर गेलं, ते कुणी नेलं, आणि त्यातलं किती आपण परत आणलं. पर्यावरणावरची बाकीची भाषणं त्यानंतर.

वाटा थोडक्यात. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी, पुढे चालत. मिनी ट्रेनचं तिकीट मिळालं तर उत्तम. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज टप्पा बंद असतो आणि फक्त अमन लॉज-माथेरान शटल चालते. पायी जाणाऱ्यांना भिवपुरी रोड स्टेशनवरून डिक्सळ, पाली भूतिवलीचं धरण, सागाची वाडी, गार्बेट. चौकच्या बाजूने वन ट्री हिलची शिवाजी शिडी. किंवा पनवेलहून बसने धोदाणी आणि तिथून सनसेट पॉइंट. नकाशे आणि जीपीएसच्या नोंदी शोधल्या की पाच मिनिटांत मिळतात.

आम्ही सप्टेंबर सरताना गार्बेटने गेलो, आडवारी. बेत नेहमीचाच: दुपारपर्यंत माथ्यावर, जेवण, संध्याकाळच्या आत धोदाणी. धरणाच्या भिंतीपर्यंत ऊन होतं. पठारावर पोचलो तर सोनकी पिवळीधमक, ओढ्याच्या काठाने तेरडा, आणि ढाक-भीमाशंकरकडून ढग चालून येत होता. अर्ध्या तासात समोरचा माणूस दिसेना. नेहमीच्या वाटेवरचा ओढा गुडघ्याच्या वर वाहत होता. फोनवरची रेघ तर सरळ त्यातूनच जात होती.

तेवढ्यात मागून दोन ठाकर बायका आल्या. डोक्यावर पाट्या, पाट्यांत काकड्या, शिराळी, वर पानांत बांधलेली कसलीशी भाजी, आणि सगळ्यावर प्लास्टिकचा कागद. पायांत साध्या चपला. आमच्याकडे पाहून त्यातली मोठी म्हणाली, "तिकडून नका जाऊ. पाण्यानं वाट गेली." आणि थांबली नाही. आम्ही मागे निघालो. त्यांनी ओढा वरच्या अंगाला, दगड रुंद होते तिथे ओलांडला, मग कारवीतून तिरकं कापत एका घळीशी नेलं. ही वाट आमच्या कुठल्याच नकाशावर नव्हती. मला राहवेना, म्हटलं, "मावशी, रोज येता?" "रोज कशाला? माल असंल तवा." पाटी वीस-पंचवीस किलोची तरी असावी. आमच्यातला सगळ्यात तगडा गडी पंधरा लिटरची सॅक घेऊन धापा टाकत होता, त्याने तेव्हापासून स्वतःचा फिटनेस हा विषय काढलेला नाही.

वर रुळांपाशी पोचलो आणि त्यांना काही द्यावं म्हणून पाकीट काढलं. मोठीने हात हलवला. म्हणाली, काकडी घ्या. घेतली, म्हणजे अर्धी पाटी घेतली, आणि तिथेच मिठाशिवाय खाल्ली. वाट दाखवल्याबद्दल बक्षिसी देण्यापेक्षा माल विकत घेणं बरं, हे तिच्याकडून कळलं. तेव्हापासून सांगतो: वरच्या दुकानातला वेफर्सचा पुडा सोडा, वाटेत आणि बाजाराच्या कडेला बसलेल्या बायकांकडून काकडी, रानभाजी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घ्या. पानाच्या द्रोणात मिळतात, भावात घासाघीस करू नका. पाटी रिकामी झाली की ती बाई उन्हं असताना खाली पोचते.

पाऊस काही हटला नाही. धोदाणीकडची उतरण अशा धुक्यात करायची नव्हती, तेव्हा मुक्काम ठरला. बाजारामागे एका घरगुती खानावळीत खोली मिळाली. हॉटेलांची जाहिरात करणारे दलाल आडवारी पावसात कुणी नसतात, हे एक सुख. मालकीणबाईंनी खोली दाखवली आणि पहिलं वाक्य टाकलं: "अंघोळीला माणशी एक बादली. जास्त लागली तर सांगा, पण विचार करून सांगा."

एवढा धो धो पाऊस, आणि पाण्याची टंचाई? रात्री वीज गेल्यावर ओट्यावर बसून त्यांनीच समजावलं. माथेरानचा माथा जांभ्याचा. पाणी पडतं भरपूर, पण सच्छिद्र दगडातून झिरपतं नाहीतर कड्यावरून उड्या टाकतं. साठतं ते शार्लोट तलावात, आणि ते गावाला नि पाहुण्यांना वर्षभर पुरत नाही. म्हणून खालून, उल्हास नदीचं पाणी पंपांनी डोंगर चढवून आणावं लागतं. खाली वीज गेली, पंप बिघडला, जलवाहिनी फुटली की वर नळ कोरडे. मिनी ट्रेनच्या वाटेवर 'वॉटर पाइप' नावाचं स्टेशन आहे, ते आपण फोटोपुरतं बघतो. तेव्हा इथे तुम्ही शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहता ते पाणी सातशे-आठशे मीटर वर ढकललेलं असतं. मे महिन्यात गाव तुडुंब भरलेलं असताना कुणाच्या घरचा नळ आधी आटतो, हे सांगायला नको. स्विमिंग पूल असलेल्या जागेत उतरायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. मी उतरत नाही.

शार्लोट तलाव हा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, पिकनिकची जागा नव्हे. शेजारी ग्रामदैवत पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे दर्शन घ्यावं, बांधावरून हिंडावं, बस्स. पाण्यात पाय सोडून बसलेली, हात-तोंड धुणारी, बुडण्याचा धोका सांगणाऱ्या पाटीखाली उभं राहून पोहायला उतरणारी मंडळी दर शनिवारी दिसतात. हेच लोक संध्याकाळी हॉटेलात पाण्याला वास येतो म्हणून तक्रार करतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे उघाड मिळाली म्हणून दस्तुरीच्या दिशेने फिरायला गेलो, आणि खरं माथेरान तिथे दिसलं. मालाची घोडी ओळीने येत होती. एकावर दोन्ही बाजूंना सिलिंडर, दुसऱ्यावर तांदळाची पोती, तिसऱ्यावर बियरचे खोके. मागे दोघं जण हातगाडी ढकलत होते, एक पुढून ओढत होता. चढाला तिघंही थांबले आणि चाकाला दगड लावला. गाडीवर काय होतं? निम्मी गाडी बाटलीबंद पाणी. ज्या गावात आकाशातून इतकं पाणी पडतं आणि नदीचं पाणी पंपाने येतं, तिथे तिसरं पाणी माणसं ओढत आणतात. बाटल्या रिकाम्या झाल्या की त्यांचं काय होतं, ते पॅनोरमा पॉइंटकडच्या एखाद्या कड्याखाली डोकावलंत तर समजेल. गाळणीची बाटली किंवा क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवा, खानावळीत उकळलेलं पाणी मागा. आमच्या मालकीणबाईंनी न कुरकुरता भरून दिलं.

कचऱ्याचं गणितही याच रस्त्यावरचं. ओला कचरा वरच जिरवता यावा म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्राचा बायोगॅस प्रकल्प माथेरानात उभारला गेला. कल्पना चोख: हॉटेलांचं खरकटं तिथे, गॅस तिथेच. पण असल्या प्रकल्पाला निवडलेलं खरकटं लागतं. त्यात शॅम्पूची पुडी, चमचा, ओला टिश्यू गेला की कुणाला तरी हाताने निवडत बसावं लागतं. म्हणून उरलेलं अन्न आणि सुका कचरा एका पिशवीत कोंबून 'आम्ही डब्यात टाकला' म्हणू नका. त्यापेक्षा सुका कचरा सॅकमध्ये घालून थेट घरी न्या. वापरलेले पॅड, डायपर, ओले वाइप्स हेही. याबद्दल ट्रेकर बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो: घट्ट झाकणाचा एक डबा त्यासाठी वेगळा ठेवा, वास येत नाही, लाज वाटायचं कारण नाही. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, पण कागदावरच्या बंदीने कड्याखालचा एकही पुडा वर आलेला मी पाहिला नाही.

'खरे ट्रेकर' हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं जरा तापतं. आपल्यातले कित्येक जण सगळं खाणं खालून आणतात, गावात एक चहा पितात, शौचालय वापरतात, पॉइंटवर मॅगी शिजवतात, मसाल्याची चंदेरी पाकिटं दगडाखाली 'पुरतात' आणि घोड्यावर बसलेल्या कुटुंबाला नावं ठेवत उतरतात. ते कुटुंब निदान घोडेवाल्याचं घर तरी चालवतं. दस्तुरीला प्रवासी कर घेतात. आडवाटेने येणारा तो बहुधा भरत नाही. वर पोचलात की नगरपरिषदेच्या नाक्यावर जाऊन भरा. हसतील कदाचित, पावती मात्र देतील.

घोड्यांविषयी माझं मत ठाम नाही, आणि ज्यांचं आहे त्यांनी एकदा घोडेवाल्याशी बोलावं. खुरांनी माती भुसभुशीत होते, हे खरं. उन्हाळाभर ती लाल धूळ उडते, पहिल्या पावसात वाहून जाते, आणि रस्त्याकडेच्या अंजनी-जांभळाची मुळं उघडी पडतात. नीट बघा, कित्येक झाडं मुळांच्या बोटांवर उभी आहेत. पण तीच करामत आपले बूटही करतात. नागमोडी वाट सोडून सरळ खाली घसरणारी एक आडवाट पाच जणांनी पाडली की पुढच्या पावसात पाणी तीच धरतं, आणि दोन वर्षांत तिथे घळ. वाट चिखलाची असली तरी चिखलातून चाला, कडेच्या गवतावरून वाट रुंद करू नका. धूळ बसावी म्हणून रस्त्यांना पेव्हर ब्लॉक लावावेत की नाही, यावर गावात दोन तट आहेत आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे.

त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर, रिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळाव्यात अशी दिशा दिली. योग्यच झालं. माणसाने माणसाला ओढत चढ चढायचा, हे बघून ज्यांना 'ओल्ड चार्म' वाटतो त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ई-रिक्षा आली म्हणून धडधाकट माणसाने त्यात बसायचं नसतं. शाळेची मुलं, म्हातारी माणसं, दवाखान्यात निघालेली बाई यांच्यासाठी ती मोठी सोय आहे, आणि शनिवारी सकाळी रांगेत पुढे कोण असतं? ट्रेकिंग पँट घातलेले पंचविशीतले. चालायला आलात ना, मग चाला. दस्तुरीपासून बाजार पाऊण तासाचा रस्ता, तोही सावलीचा.

इतिहास हवा असेल तर चालता चालता: १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने वर आला आणि जागा आवडून घर बांधून बसला, मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, पाठोपाठ पारशी, बोहरी, मुंबईचे शेटजी. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांच्या मुलाच्या, अब्दुल हुसेन यांच्या हिकमतीने मिनी ट्रेन १९०७ मध्ये सुरू झाली. ज्या ठाकर, कातकरी, धनगरांच्या पाऊलवाटांनी हे सगळे वर आले, त्यांची नावं एकाही पॉइंटला नाहीत. माथेरानातच १९१२ मध्ये जन्मलेल्या भाई कोतवालांनी स्वातंत्र्यलढ्यात मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. लुईझा कोण होती ते कुणाला ठाऊक नसतं, पण सेल्फी तिच्याच पॉइंटवर.

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्राने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामुळे वर टॉवर उभे राहिले नाहीत, शेकरू अजून बाजाराच्या डोक्यावरच्या फांद्यांतून उड्या मारतं, हे मान्य. पण गावकऱ्याला घराला एक खोली वाढवायची तर त्याचीही दमछाक होते, पायथ्याच्या वाड्यांचे रस्ते रेंगाळतात. शांतता आपण उपभोगतो, तिची किंमत २०११ च्या जनगणनेत पाच हजारही न भरलेलं हे गाव भरतं. तेव्हा निदान इको पॉइंटवर ब्लूटूथ स्पीकर लावू नका. दरीतून प्रतिध्वनी ऐकायचा तर एकदा हाक मारून गप्प बसावं लागतं, गाणं चालू ठेवून ऐकू येत नाही.

माकडांना खायला घालू नका, हे लिहायचाही कंटाळा आला आहे. हातात पिशवी धरून चालू नका, खाऊ सॅकमध्ये आणि सॅकवर रेनकव्हर. माकड चावलं की लस टोचून घेण्यासाठी धावपळ होते आणि शिव्या माकडाला.

कधी जावं? शनिवार-रविवार, मे, दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबर सोडून केव्हाही. दर आडवारी निम्मे असतात, आणि गावाला खरी गरज तेव्हाच असते: खानावळवालीला रविवारी नाही म्हणावं लागतं, मंगळवारी वाट बघावी लागते. एक दिवसात वर-खाली करण्यापेक्षा एक रात्र राहा, घरगुती जागेत, आणि जेवण सकाळीच सांगून ठेवा. आयत्या वेळी आठ जणांनी चिकन मागितलं की कोंबडीही खालूनच यायची असते.

मुसळधार पावसाचा इशारा असेल तर मात्र बेत मोडा, तिकीट बुडालं तरी. १९ जुलै २०२३ च्या रात्री माथेरानच्या समोर, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. गडावर जाणारे आपण ज्या अंगणांत चहा-पोहे घ्यायचो, ती घरं माणसांसकट गेली. अशा दिवसांत पायथ्याच्या वाड्यांतली माणसं रात्रभर जागी असतात. घसरून पाय मोडला तर तुमच्या सत्तर किलोंची झोळी करून चिखलातून उतरवायला त्यांच्यातलीच पोरं येणार. स्वतःचं वजन मोजायचं ते इथे.

आम्ही उतरलो धोदाणीनेच, ऊन पडल्यावर. सनसेट पॉइंटकडून सुरुवातीचा टप्पा अंगावर येतो, दगड शेवाळलेले असतात, काठी घ्या. खाली पनवेलच्या बसला गर्दी नसते, पण फेऱ्या मोजक्या, म्हणून वेळ आदल्या दिवशी कुणा गावकऱ्याला विचारून ठेवा. बसला अवकाश असेल तर वाडीत चहा मिळतो. मोठा ग्रुप असेल तर आधी दूध आहे का ते विचारा, नसेल तर कोरा सांगा. पोराला दुधासाठी लांब पिटाळायला लावू नका.